मामा, तुम्ही मला मारलंत त्याबद्दल

मु. पदमपुरा, औरंगाबाद
होळीनंतरचा मंगळवार, १९८७

तीर्थरूप मल्हारराव मामांच्या पायांशी, त्यांचा एकुलता एक भाचा, नुकताच मयत झालेला त्रिंबक, याचा दंडवत.

आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याची कळ थांबली का? मेंढ्या बऱ्या आहेत ना? बानाबाई मामींचा घसा बसला असेल, त्यांना हळद घालून गरम दूध द्या. मी गेल्याचं सांगून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून पाचोडच्या रस्त्यावर एक बैलगाडी थांबली म्हणतात. माझ्या आईलाही नमस्कार सांगा, आणि तिनं डोळे पुसले असतील तर तिला सांगा की पोरगा जेवून-खाऊन सुखरूप आहे. सुखरूप म्हणजे अन्न जातं, पाणी जातं, अंगात मावणार नाही इतका राग आहे, यावरून मी जिवंत असावा असा माझा अंदाज आहे. पण वाळूजच्या कंपनीत मी मेलेलो आहे, आणि तिथं याबाबतीत माझं मत कोणी विचारत नाही.

मी चिडलेलो आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला वाटायला नको की पोरगं शहरात जाऊन शेफारलं. वडील गेल्यावर तुम्ही आईला आणि मला घरी आणलंत, अख्खी वाडी ‘धनगराच्या पोराला काठी पुरे’ म्हणत असताना मला आयटीआयला घातलंत, हे मी विसरलेलो नाही. पण मामा, ज्या हातानं वाढवलं त्याच हातानं माणसाला मारावं का? तेही नोकरीची निवड झालेली असताना? कंपनीचा माणूस माझ्या चौकशीला वाडीवर आला, त्यानं माझं नाव घेतलं, आणि तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता सांगितलंत की त्रिंबक मेला. बरं, मारायचं तर धड मारावं. तुम्ही म्हणालात विहिरीत पडला, आणि त्याच वेळेला शेजारचा कोंडिबा पुढं होऊन म्हणाला की पान लागलं. (एका माणसाला दोन मरणं! साप चावला म्हणून मी विहिरीत पडलो, की विहिरीत पडल्यावर तिथला साप चावला, एवढं तरी आपसांत ठरवून घ्यायचं होतं.) चौकशीवाल्यानं दोन्ही लिहून नेलंय.

तुम्हाला वाटत असेल, नोकरीचं काय एवढं, एक गेली तर दुसरी येईल. म्हणून ही कशी आली ते ऐका. आयटीआय सुटल्यापासून मी आणि माझ्या खोलीत राहणारा कचरू, दोघंही फिटर, चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या एकूण एक फाटकावर जाऊन आलो. निम्म्या फाटकांवर खडूनं ‘जागा नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते पुसायला कोणी फडका ठेवलेला मी अजून पाहिला नाही. जिथं आत घेतात तिथून पुढं टपालानं उत्तर येतं, की आपली निवड करता येत नाही याचा आम्हाला खेद होतो. मामा, या शहरातल्या कारखानदारांना इतका खेद होतो की एवढ्या खेदात हे लोक दुपारचे डबे कसे खातात याचं मला नवल वाटतं. एका कंपनीनं अनुभव नाही म्हणून नाकारलं. अनुभव काय मोंढ्यात पोत्यानं मिळतो? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली ही गत. दुसरीकडचा साहेब तोंडावर म्हणाला, इकडची पोरं जत्रा, लग्नसराई आणि कापूसवेचणी अशा तिन्ही वेळा दांड्या मारतात, म्हणून आम्ही माणसं पुण्याहून आणतो. ऐकलंत? जमीन इथल्या शेतकऱ्यांची, पाणी जायकवाडीचं, मागास भाग म्हणून सवलती सरकारच्या, आणि फिटर पुण्याचा! मग आम्ही काय फाटकाबाहेर भजी तळायची? (तेही करून पाहिलं असतं, पण तिथंही आधीच एक जण बसलेला आहे आणि तो बी.कॉम. आहे.)

नकाराचं पत्र आलं की माझी रीत ठरलेली असायची. शिव्या द्यायच्या, बादलीला लाथ घालायची आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. आमच्या खोलीतली बादली आता बादलीसारखी दिसत नाही. कचरूची तऱ्हा वेगळी. तो पत्र घडी घालून खिशात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर जायचा आणि विचारायचा, की साहेब, घेतलं नाही ते नाही, पण का नाही घेतलं तेवढं सांगा. बहुतेक ठिकाणी त्याला हाकलून दिलं. एका ठिकाणी कोणी तरी वैतागून सांगितलं, तुला ड्रॉइंग वाचता येत नाही. झालं, हा गडी स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये फुकट काम करून ड्रॉइंग वाचायला शिकला आणि रोज मानगूट धरून मलाही शिकवू लागला. मी रागावून पडलेला असताना माझ्या नकाराची चौकशीही तोच करून आला. तेव्हा कळलं की मी मुलाखतीत सबंध वेळ फरशीकडं बघत होतो. आता वडीलधाऱ्यापुढं मान वर करू नये हे मला कोणी शिकवलं, मामा? साहेबाला वाटलं, या पोरात दम नाही. म्हणून पुढच्या मुलाखतीला मी साहेबाच्या डोळ्यांत डोळे घालून बसलो, कळपाजवळ आलेल्या लांडग्यावर ठेवतात तशी नजर ठेवून. त्या साहेबानं घंटी वाजवून शिपायाला आत बोलावलं आणि मी उठून जाईपर्यंत शेजारी उभं केलं. मग कचरूनं सांगितलं, आपण बोलताना साहेबाकडं बघायचं आणि साहेब बोलताना टेबलाकडं. हे जमवायला मला नवी भाषा शिकण्याइतका त्रास झाला.

एवढं सगळं शिकून आम्ही वाळूजच्या या कंपनीत गेलो. (नाव लिहीत नाही, नाही तर तुम्ही तिथं जाऊन आणखी काही तरी सांगाल.) जागा एकच होती. आधी परीक्षा झाली, लोखंडाचा तुकडा कानसीनं घासून मापात बसवायची. कचरूचा तुकडा पहिला आला, माझा दुसरा. मग मुलाखत. घ्यायला अनंतराव नावाचे साहेब होते, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मऊ, बशीत बिस्किटंसुद्धा होती. मला त्यांनी विचारलं, गाव कोणतं, मेंढ्या पाळता का, आणि काळ्या लोकरीचं चांगलं घोंगडं कुठं मिळेल. मी सांगितलं. झाली माझी मुलाखत. कचरू आत गेला तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं, पुन्हा एकदा नीट विचारलं, आणि मग घोंगड्याचं नाही, मेंढीचं नाही, लोखंडाचंही नाही, तर विचारलं की विद्यापीठाच्या नामांतराबद्दल तुमचं मत काय.

हे कळल्यावर माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. मामा, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून जो मोर्चा निघाला, त्यात कचरू होता तसा मीही होतो. पोलिसांच्या एकाच गाडीत आम्हाला कोंबलं, हर्सूलच्या तुरुंगात एकाच घोंगडीवर निजलो. मग माझं मत का नाही विचारलं? मला काय मत नसतं? मेंढी पाळणाऱ्याला फक्त लोकर असते? कचरूनं मात्र शांतपणे उत्तर दिलं, “साहेब, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं म्हून तुमची मशीन उलटी फिरणार हाय का?” साहेब हसले म्हणे. बशी पुढं केली म्हणे. आणि यादी लागली तेव्हा वर माझं नाव, आणि खाली ‘प्रतीक्षेत’ म्हणून कचरूचं. माझा राग पाहून त्यानंच मला चहा पाजला. आपल्या रिवाजाप्रमाणे तो दुसऱ्या दिवशी फाटकावर जाऊन कारणही विचारून आला. या वेळी त्याला कोणी हाकललंही नाही आणि कारणही सांगितलं नाही.

असो. निवड झाली तरी या कंपनीची एक खोड आहे. कामावर घेण्याआधी ती माणूस पाठवून गावात चौकशी करते, की पोरगा सालस आहे का, भांडकुदळ आहे का, युनियनच्या नादाला लागणारा आहे का. या कामाला त्यांनी कडुबा जमादार ठेवलेत, पोलिसातून निवृत्त झालेले. आणि त्या भल्या माणसानं नोकरी सुटल्यावर ना मिशा उतरवल्या, ना तांबडे बूट टाकले, ना खाकी पँट. त्याच थाटात फटफटी उडवत ते वाडीवर आले आणि पारावर तुम्हालाच विचारलं, त्रिंबक कुठं आहे. आता इथं मी तुमची बाजू समजून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. मला मोर्चात धरल्यापासून खाकी पँट दिसली की तुम्ही मला लपवत आलात. एकदा म्हणालात, मेंढरांमागं खानदेशात गेलाय. एकदा म्हणालात, सासुरवाडीला गेलाय. (माझं लग्न झालेलं नाही, हे त्या पोलिसाला माहीत नव्हतं म्हणून निभावलं.) रानोमाळ मेंढ्या चारणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या हेच शिकवलेलं, की टोपीवाल्यानं नाव विचारलं तर त्या नावाचं आपल्यात कोणी नाही. तुम्हाला वाटलं, दर खेपेला कुठं लपवत बसायचं, एकदाच काय तो निकाल लावू. जमादारांनी तुमचं वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं, “मेला त्यो. आता काय मातीला बेड्या घालता का?”

तुमचं एक वेळ सोडा, पण माझी आई! जिनं आदल्या सोमवारी स्वतः मला एसटीत बसवून दिलं, भाकरी बांधून दिल्या, ती सखूबाई तुमचा डोळा पाहताच मामींच्या गळ्यात पडून रडू लागली. आणि नुसती रडली नाही, आठवणी काढल्या. पोरगं लई निजायचं वो. कोकराच्या वाटचं दूध चोरून प्यायचं वो. जमादारांनी डोक्यावरची टोपी काढली, सुतकाच्या घरचा बिनदुधाचा चहा घेतला, तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि परत जाऊन लिहून दिलं, की उमेदवार मयत असून हयातीत आळशी होता, चोरीची सवय होती असे आईकडून समजते. मामा, मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. मी असा एकटाच, ज्याला मरूनही वाईट शेरा मिळाला.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दाढी करून, शर्टाला इस्त्री करून वाळूजला रुजू व्हायला गेलो. फाटकावर कडुबा जमादार बसले होते. मी नाव सांगितलं तसे ते खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकले. मग मला आत नेलं. अनंतराव साहेबांनी चष्मा पुसला आणि अत्यंत मऊ आवाजात विचारलं, आपण मयताचे कोण? मी म्हटलं, मीच मयत. ते म्हणाले, दुःख आम्ही समजू शकतो, पण वारसाला जागा द्यायची तर मयत आधी कामावर रुजू झालेला असावा लागतो. मी म्हटलं, साहेब, मी वारस नाही, तुम्ही मला घोंगड्याचं विचारलं होतंत. त्यावर त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. मेलेल्या भावाचे कागद घेऊन नोकरी लाटायला आलास, पोलिसात देईन, म्हणाले. मला इतका राग आला की बोलताना कुठं बघायचं आणि ऐकताना कुठं बघायचं हे सगळं विसरलो आणि छताकडं बघत राहिलो. (जमादार नंतर म्हणाले, ‘तवा तू खरंच वर जातोयस असं वाटलं.’) शेवटी साहेबांनी एवढंच मान्य केलं की गावचा हयातीचा दाखला आणला तर विचार करू. असा दाखला म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांना लागतो. मला नोकरी लागण्याआधी लागला.

तेव्हा मामा, आता कान उघडे ठेवून वाचा. येत्या शुक्रवारी पहिल्या एसटीनं औरंगाबादला या. येताना ग्रामसेवकाकडून हयातीचा दाखला घेऊन या. तो म्हणेल, परवाच तर मीही जमादाराला मान हलवून ‘वाईट झालं’ म्हणालो, आता कसं लिहू? त्याला म्हणा, लिही, नाही तर त्रिंबक स्वतः येऊन तुझ्या मानगुटीवर बसेल, मेलेली माणसं तसं करू शकतात. आईलाही आणा. मामींना आणा, पण फाटकाजवळ रडू देऊ नका. अनंतराव साहेबांपुढं उभं राहून तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं, की हा माझा भाचा, हा जिता आहे, मी खोटं बोललो. लाज वाटेल. वाटू द्या. मला मारताना वाटली नव्हती.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. लोभ होताच, म्हणून तर हे झालं; तेव्हा काही दिवस लोभ जरा बेतानं करावा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कोंडिबाला काही नाही.

आपला, अजून श्वास चालू असलेला,
त्रिंबक

ता. क. माझी गोधडी आणि जेवायची पितळी मेलेल्याच्या वस्तू म्हणून कोणाला देऊन टाकल्या असतील तर परत घ्याव्यात.

ता. क. दुसरं. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा फोडलं. शुक्रवारी येऊ नका. दाखला आणू नका. ग्रामसेवकाला काही म्हणू नका.

आज कंपनीच्या फाटकावर नवा कागद लागलाय. माझ्या नावावर रेघ, खाली कचरूचं नाव, चौकशी समाधानकारक आल्यास नेमणूक. तुम्हाला वाटेल, गडी खूश झाला असेल. तो तिथंच माझ्यावर डाफरला, “तुझ्या मढ्यावरची नोकरी मला नको. चल, साहेबाला सांगू, त्रिंबक जित्ता हाय.” मी त्याला ओढत खोलीवर आणलं आणि आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की घरमालकीण लीलाबाई जिना चढून वर आल्या. मी त्याला सांगून थकलो, की गाढवा, मी काही उपकार करत नाही. तुझा तुकडा पहिला आला होता, माझा दुसरा. जागा तुझी होती, ती माझ्या नावावर कशी आली हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तो ऐकायला तयार नाही. सध्या त्याच्या चपला मी लपवल्या आहेत, पण तो अनवाणी जाईल असा माणूस आहे, म्हणून घाईनं लिहितोय. माझी काळजी करू नका. चिकलठाण्याला अजून पुष्कळ कंपन्या आहेत जिथं मी जिवंत आहे.

अडचण पुढं आहे. कचरूची चौकशी करायला कडुबा जमादार जाणार कुठं? गोदाकाठच्या त्याच्या गावात अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत दलितांची वस्ती जाळली, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं त्याचं घर नाही. आई-बाप इथं शहरात विटा वाहतात, आणि गावात त्याच्याविषयी बरा शब्द बोलेल असं कोणी उरलेलं नाही. म्हणून अर्जात ओळख सांगणारा माणूस म्हणून मी त्याला तुमचं नाव घालायला लावलं होतं. जमादार परत तुमच्याकडंच येणार. तीच खाकी पँट, तेच तांबडे बूट. (मी जिता आहे हे त्यांना कळलंय, पण आपलाच अहवाल खोटा ठरेल म्हणून ते साहेबापुढं तसं बोलत नाहीत.) मामा, हात जोडतो, या वेळी कोणाला मारू नका. मला मेलेलाच राहू द्या. तो कामावर पक्का होईपर्यंत मी वाडीवर पाय ठेवणार नाही, आईला तेवढं समजावून सांगा. पण कचरूला जिवंत ठेवा.

जमादार विचारतील, हा पोरगा तुमच्या ओळखीचा का, तुमच्या घरी येऊन-जाऊन असतो का. असतो म्हणा. खोटं नाही, मागच्या जत्रेला तो आपल्याकडं जेवलाय. अंगणात जेवला की आत जेवला हे जमादार विचारणार नाहीत. मी विचारतोय, आणि इथून पुढं तो आत जेवणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो. आणि त्यांनी विचारलं, की तुमचा हा कोण लागतो, तर मान खाली घालू नका, आवाज बारीक करू नका. पारावर उभं राहून म्हणा, घरचा हाय. वाडीतली माणसं ऐकतील. ऐकू द्या.